टाकीसाहेबांची प्रणाली

काही माणसांना साधं काम सांगितलं की त्यांचा अपमान होतो. काम अवघड असेल तर ते आनंदानं करतात, अशक्य असेल तर त्याहून आनंदानं. पण "जरा ती झारी उचलता का?" म्हटलं की असा चेहरा करतात, जणू भर रस्त्यात कुणी त्यांचं धोतर ओढलं. रोपवालीच्या नशिबी असाच एक नवरा आला होता, आणि लग्न झाल्या दिवसापासून ती त्याला वेळच्या वेळी चहा करून देत होती.

रोपवाली हे लोकांनी ठेवलेलं नाव. आधी ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. हॉटेलच्या दर्शनी दालनात फुलझाडांच्या कुंड्या मांडलेल्या असायच्या. फुलं गळली की त्या मागच्या दारी कचऱ्याच्या डब्याशेजारी येऊन पडायच्या. फुलं संपली म्हणजे झाड मेलं, अशी हॉटेलवाल्यांची समजूत. एवढ्या अकलेवर माणसं एवढी मोठी हॉटेलं कशी चालवतात याचं रोपवालीला नवल वाटायचं. ती रोज संध्याकाळी एक कुंडी काखोटीला मारून घरी आणायची. छाटायची, माती बदलायची, सावलीत ठेवायची, आणि पुढच्या हंगामात त्याच झाडाला फुलं आली की तोंडातल्या तोंडात त्या हॉटेलवाल्यांचा उद्धार करायची.

मग हॉटेलनं सगळ्या खिडक्या बदलल्या. जुन्या खिडक्या तिनं चौकटींसकट मागून घेतल्या आणि परसात सुताराकडून त्यांचं काचघर उभं करून घेतलं. चारी बाजूंनी खिडक्या, वर खिडक्या. त्यातल्या काही उघडायच्या, काही मेल्या तरी उघडायच्या नाहीत, आणि एकीवर 'धूम्रपान करू नये' ही पट्टी अजून चिकटलेली होती. आत फळ्यांवर नेचे, बिगोनिया, जिरेनियम, आणि खालच्या ट्रेमध्ये टोमॅटोची, ढोबळ्या मिरचीची, झेंडूची बोटभर रोपं. आजूबाजूच्या चार वस्त्यांतले लोक तिच्याकडून रोपं न्यायचे. हॉटेलची नोकरी तिनं कधीच सोडली होती. काचघरात शिरली की तिचा आवाजसुद्धा बदलायचा. घरात ती जेवढ्यास तेवढं बोलायची. आत रोपांना मात्र भरपूर शिव्या द्यायची, आणि त्या शिव्यांत जेवढी माया होती तेवढी घरातल्या कुठल्याच वाक्यात नव्हती.

नवरा पाणीपुरवठा खात्यात होता. गावाबाहेर उंच खांबांवर एक टाकी होती आणि तिच्या पायथ्याशी एक खोली. त्या खोलीत बसून सकाळी एक चाक डावीकडे फिरवायचं आणि संध्याकाळी उजवीकडे. मधला वेळ खुर्चीवर बसायचं. एवढ्या कामाला त्यांनी असं रूप दिलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस नसता तर अख्खं गाव तहानेनं तडफडून मेलं असतं. "गावाला पाणी मी पाजतो," असं ते सहज बोलता बोलता म्हणायचे. पाऊस कोण पाडतो हे कुणी विचारलं असतं तर तिथंही त्यांनी आढेवेढे घेतले नसते. लोक त्यांना टाकीसाहेब म्हणायचे. म्हणणारे हसून म्हणायचे, ऐकणारे मानानं ऐकायचे, आणि दोन्ही बाजू खूश होत्या.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी घर सुधारायला घेतलं. त्या सुधारणांचं फळ म्हणजे स्वयंपाकघरातला नळ बंद केल्याशिवाय न्हाणीघरात थेंब येईना, आणि दारावरची घंटा दाबली की ती शेजारच्यांच्या घरात वाजायची. शेजारीण दार उघडून ओरडायची, "काकू, तुमच्याकडे कुणीतरी आलंय!" साहेबांच्या मते हा दोष घंटेचा नव्हता, शेजाऱ्यांच्या भिंतीचा होता. रोपवालीनं कधीच वाद घातला नाही. वाद घालायला समोरचा माणूस वादाच्या लायकीचा लागतो, असं तिचं मत होतं, आणि ते मत तिनं कुणालाही न सांगता वर्षानुवर्षं जपलं होतं.

अशात एके दिवशी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. बसनं दिवसभराच्या वाटेवर, लेकीकडे राहायची. सगळी नोकरी तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. नंबर लावून देणं हे तिचं काम, आणि तिचा आवाज असा होता की नंबर लागला नाही तरी लोक रागवायचे नाहीत. दोघी बहिणी भेटल्या की जेवणं गार व्हायची. सगळ्या नातेवाइकांची सालं काढून झाली की त्या एकमेकींची काढायच्या, आणि मग पोट धरून हसायच्या. रोपवाली अख्ख्या जगात एवढं एकाच माणसाशी बोलायची.

त्या दिवशी फोनवर ताईचा आवाज खरखरत होता.

"घशात गाठ निघालीय," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र काढायचं. जीव वाचेल, आवाज नाही."

रोपवालीनं नाक ओढलं.

"रडू नकोस, वेळ नाहीये," ताई म्हणाली. "महिनाअखेरीला ऑपरेशन आहे. तू त्याआधी ये. चांगले आठ-दहा दिवस ये. फोनवर फार बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि बोललं तरी तुला नीट ऐकू येणार नाही. जवळ बसून बोलू. सगळं बोलून घेऊ एकदाचं. मग जन्मभर तू बोल, मी ऐकेन. तुला तेच हवं होतं ना लहानपणापासून?"

आणि ती हसली. ते हसणंसुद्धा घशात अडकलं.

रोपवालीनं फोन ठेवला, तोंड धुतलं, आणि परसात आली. टाकीसाहेब खुर्ची टाकून काचघराच्या सावलीत पेपर वाचत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, वाईट वाटल्याचा चेहरा केला, आणि तो त्यांना बऱ्यापैकी जमला.

"जाऊन ये," ते म्हणाले. "जायलाच पाहिजे."

"तेवढे दिवस रोपांना पाणी घालाल? हल्ली ऊन आहे. सकाळी एकदा घातलं तरी चालेल."

साहेबांनी झारीकडे पाहिलं. ती दाराशी होती, पत्र्याची, लांब चोचीची. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मी? झारी घेऊन?"

"त्यात काय झालं?"

"अगं, तीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी पाजलंय मी. आता या वयात माळ्यासारखा झारी घेऊन फिरू? लोक काय म्हणतील?"

"परसात कोण बघतंय तुम्हाला?"

"प्रश्न बघण्याचा नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. हातानं पाणी घालणं ही पद्धतच मागासलेली आहे. तू जा बिनघोर. मी आत एक प्रणाली बसवतो. स्वयंचलित. झाडं आपलं आपण पाणी पितील. तू परत आलीस की बघत राहशील."

"शेजारीण घालेल की. मी तिला सांगते."

"घरात मी असताना?" साहेब खरोखरच दुखावले. "परक्या बाईनं येऊन आपल्या घरात पाणी घालायचं? मग मी कशाला आहे?"

याचं उत्तर रोपवालीला ठाऊक होतं. पण ताईच्या आवाजानं ती आतून एवढी हादरली होती की तिनं ते दिलं नाही. "किती दिवस लागतील?" एवढंच विचारलं.

"चार दिवस. फार तर पाच."

माणूस काही बांधणार असेल आणि त्यानं दिवस सांगितले, तर ते दिवस कुणी धरून बसू नये. रोपवालीला हे कळत होतं. तरी तिनं धरले, कारण तिला धरायला दुसरं काही नव्हतं.

साहेबांनी आधी जागेची पाहणी केली. पाहणी म्हणजे काचघरात पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालणं. त्यात त्यांच्या ढुंगणाचा धक्का लागून बिगोनियाची एक कुंडी फुटली, तेव्हा त्यांनी "मांडणीच चुकीची आहे" असा निष्कर्ष काढला. मग कागदावर आकृत्या झाल्या. मग आकृत्या बघायला मीटरवाले आले. मीटरवाले म्हणजे खात्यातलेच त्यांचे एक जुने मित्र. घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात जाऊन मान डोलावण्याची त्यांना उत्तम सवय होती. साहेब बोलायचे, मीटरवाले मान डोलवायचे, रोपवाली चहा आणायची. चहा पिऊन झाला की प्रणाली त्या दिवसापुरती थांबायची.

योजना अशी होती. काचघराच्या कोपऱ्यात विटांचा उंच चौथरा, त्यावर पाण्याचा निळा ड्रम. ड्रममधून नळी निघून वरच्या फळीवरच्या पत्र्याच्या लांब पन्हळीत येणार. पन्हळीत पाणी कमी झालं की आपोआप भरावं म्हणून तिथे संडासाच्या फ्लशच्या टाकीतला तरंगणारा गोळा. आणि पन्हळीतून सुती दोरीच्या वाती खाली सोडलेल्या, प्रत्येक कुंडीत एक. वात पाणी पिणार आणि थेंब थेंब झाडाला पाजणार.

"ड्रम एवढा उंच कशाला?" मीटरवाल्यांनी एकदाच, चुकून, एक प्रश्न विचारला.

साहेबांनी डोळे मिटले. "मित्रा," ते म्हणाले, "पाणी उंचावरून खाली येतं. मी आयुष्यभर हेच बघितलंय. उंची म्हणजे दाब, आणि दाब म्हणजे पुरवठा."

मीटरवाल्यांनी मान डोलावली.

चार दिवस गेले, पाच गेले, आठवडा गेला. चौथरा एका बाजूला कलला म्हणून पाडून पुन्हा बांधला. फ्लशचा गोळा घरातल्याच संडासातून काढला होता, त्यामुळे घरातली माणसं बादलीनं पाणी ओतू लागली. ज्या घरात हातानं पाणी घालणं मागासलेलं ठरलं होतं, त्या घरात आता सगळं पाणी हातानंच घातलं जात होतं, आणि हे साहेबांच्या लक्षात आणून देण्यात काही अर्थ नव्हता. रोपवालीची बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. ती रोज सकाळी काचघरात जायची, साहेबांच्या पसाऱ्यातून पाय उचलून टाकत रोपांना झारीनं पाणी घालायची आणि विचारायची, "उद्या होईल?"

"उद्या चाचणी," साहेब म्हणायचे.

तिनं निघून जायला हवं होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण गेली तर ही सगळी रोपं आठ दिवसांत वाळून कोळसा होणार, हेही कळत होतं. साहेब त्यांच्याकडे बघत बसतील, प्रणालीला एक स्क्रू कमी आहे म्हणतील, आणि झारीला हात लावणार नाहीत. फेकून दिलेल्या कुंड्यांमधून तिनं एक एक झाड वाढवलं होतं. ताईची ओढ आणि ही रोपं यांच्यामध्ये तो माणूस हातात पाना घेऊन उभा होता, आणि त्याला वाटत होतं की आपण तिची सोय करतोय.

एका दुपारी ताईचा पुन्हा फोन आला. साहेब तेव्हा पन्हळीचा पत्रा ठोकत होते.

"अहो, जरा थांबा!" रोपवाली फोनवर हात ठेवून ओरडली. "ताई आहे."

"अर्ध्यात सोडलं तर पत्रा वाकडा होईल!" साहेब आतून ओरडले, आणि ठोकत राहिले.

ताई काहीतरी सांगत होती. लांबलचक सांगत होती. आवाज आता कागदावर कागद घासल्यासारखा येत होता. रोपवालीनं दुसऱ्या कानात बोट घातलं, घरात गेली, दार लावलं. तरी ठणठण येतच होती. मध्येच ताई हसली, म्हणजे गोष्ट गमतीची होती.

"ताई, काही ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. "दोन दिवसांत येतेच आहे मी. तेव्हा सांग सगळं."

"ये लवकर," ताई म्हणाली. तेवढं मात्र ऐकू आलं.

चाचणी झाली आणि एकाही वातीतून थेंब पडला नाही. नवी दोरी पाणी धरेना. साहेबांनी दोरीवाल्याला, दोरीच्या कारखान्याला आणि हल्लीच्या कापसाला दोष देऊन झाल्यावर सगळ्या वाती धुण्याच्या सोड्यात उकळल्या. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत चांगलं पातेलं घेतलं, न विचारता. पण उकळलेल्या वातींनी पाणी धरलं. संध्याकाळी पहिला थेंब पडला तेव्हा साहेबांनी रोपवालीला हाताला धरून काचघरात आणलं. थेंब पडला. मग दुसरा पडला.

"बघ," ते म्हणाले. "झाडं आपलं आपण पितायत."

रोपवालीला थेंबांचं काही नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटलं, इतकंच. तिनं भाचीला फोन करून उद्या संध्याकाळपर्यंत पोहोचते म्हणून सांगितलं. साहेबांनीही फोन केले. उद्या सकाळी उद्घाटन, म्हणून मीटरवाल्यांना आणि ज्याच्याकडून नळ्या घेतल्या त्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. बस सकाळी नऊची होती.

सकाळी ती बॅग घेऊन परसात आली, जाता जाता रोपांना बघून घ्यावं म्हणून. काचघराच्या दाराखालून पाणी बाहेर येत होतं.

आत घोटाभर चिखल होता. निळा ड्रम रिकामा होता. रात्रभर वातींनी पाणी थेंब थेंब न पाजता सरळ ओतलं होतं. पन्हळ रिकामी होत होती, फ्लशचा गोळा ती इमानेइतबारे पुन्हा भरत होता. त्या अख्ख्या प्रणालीत तेवढी एकच वस्तू आपलं काम चोख करत होती. कुंड्या काठोकाठ भरून वाहत होत्या. खालचे ट्रे पाण्यात तरंगून आडवे झाले होते, आणि टोमॅटोची रोपं चिखलात झोपली होती.

हार्डवेअरवाला दारातच थांबला. त्यानं वर ड्रमकडे पाहिलं, मग पन्हळीकडे, मग खाली कुंड्यांकडे.

"साहेब," तो म्हणाला, "उलटं केलंत की हो. पाणी खाली ठेवायचं आणि कुंडी वर. मग वात लागेल तेवढंच वर ओढून घेते. वरून खाली सोडलीत तर ती वात राहत नाही. तो नळ झाला, आणि बिनतोटीचा."

"पाणी वर चढतं हे मला सांगू नका," साहेब म्हणाले. "मी खात्यात होतो."

मीटरवाल्यांनी मान डोलावली.

रोपवालीनं घड्याळ पाहिलं. बॅग ओट्यावर ठेवली. पदर खोचला आणि चिखलात उतरली. आत्ता पाणी काढलं नाही तर मुळं कुजतील, आज काढलं तर निम्मी वाचतील, उद्याची बस आहेच, असा तिनं हिशेब केला. ऑपरेशनला अजून आठवडा होता. एक एक कुंडी आडवी करून ती पाणी निथळायला लागली. साहेब दोन्ही पाहुण्यांना दाब नेमका कुठं जास्त झाला ते समजावून सांगत होते. कुंडीला हात त्यांनी लावला नाही. मध्ये एकदा म्हणाले, "चहाचं बघतेस का जरा?"

दुपारी भाचीचा फोन आला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते.

"मावशी, निघालीस ना? डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात बाहेरगावी जावं लागतंय. म्हणून ऑपरेशन उद्या सकाळी पहिलंच घेतलंय. आई सारखी विचारतेय, कुठपर्यंत आलीय म्हणून."

बस केव्हाच गेली होती. थेट गाडी दुसरी नव्हती. रोपवालीनं हात पुसले की नाही, तिला आठवत नाही. मिळेल ती गाडी धरून ती निघाली. एका आडगावच्या स्टँडवर उतरली, पहाटेची गाडी मिळेपर्यंत बाकावर बसून राहिली, पुढे एका जीपमध्ये भाजीच्या पोत्यांशेजारी. हॉस्पिटलच्या दारात पोहोचली तेव्हा भाची समोरून आली, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं.

"आत्ताच ऑपरेशनला नेलं गं," भाची म्हणाली. "तासही झाला नाही. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती."

रोपवाली तिथेच जिन्यावर बसली. तिच्या नखांत अजून काळी माती होती. तिला रडू आलं ते ताईसाठी आलं, पण त्याच्या आत एक वेगळाच संताप होता. कुणी मेलं असतं, पूर आला असता, रस्ता खचला असता, तर ते समजण्यासारखं होतं. तिची बहीण बोलायची थांबली तेव्हा ती तिच्याजवळ नव्हती, कारण एका माणसाला झारी उचलायची लाज वाटत होती. हे कुणाला सांगितलं तर लोक हसले असते.

दुसऱ्या दिवशी ताईला भेटू दिलं. गळ्याला पट्ट्या, नळ्या, चेहरा उतरलेला. तिनं डोळे उघडले, बहिणीला पाहिलं, ओठ हलवले. काहीच आलं नाही, आणि तेव्हा त्या दोघींनाही ते पहिल्यांदा खरं वाटलं. मग ताईनं हात उचलला, मूठ वळली, मनगट हळूच तिरकं केलं. झाडांना पाणी घालतात तसं. आणि भुवया उंचावल्या. कोण घालतंय, असं विचारत होती.

"तेच घालतायत," रोपवाली म्हणाली.

ताईच्या डोळ्यांत अविश्वास असा उमटला की त्याला आवाजाची गरज नव्हती.

तीन आठवडे ती तिथे राहिली. ताई घरी आली, नळीतून श्वास घ्यायला शिकली. ती फोनवर कोणती गंमत सांगत होती हे रोपवालीनं एकदा विचारलं. ताईनं आठवून पाहिलं, आणि आता आठवत नाही म्हणून मान हलवली. मग रोपवाली चार कपडे न्यायला घरी आली.

काचघरात पाऊल टाकल्याबरोबर तिनं आजूबाजूला पाहिलं. निम्मी रोपं गेली होती. उरलेली हिरवीगार होती. जिरेनियमला नवी पानं होती, नेच्यांनी अंग धरलं होतं. टाकीसाहेब मधोमध उभे होते. त्यांच्या हातात झारी होती. मीटरवाले ड्रम उपडा घालून त्यावर बसले होते आणि चहा पीत होते. चहा साहेबांनीच केलेला दिसत होता, कारण त्याचा रंग पावसाळी डबक्यासारखा होता.

"आलीस?" साहेब प्रसन्न होऊन म्हणाले. "बघ. अख्खी प्रणाली मी मोडीत काढली. आता मी नवी पद्धत बसवलीय. थेट पद्धत. यात बिघडायला काहीच नाही."

"झारी," ती म्हणाली.

"झारी, पण तंत्र आहे त्याच्यात. हे बघ, चोच अशी तिरकी धरायची, पान भिजवायचं नाही, मुळाशी सोडायचं. मातीत बोट घालून बघायचं आधी. मीटरवाल्यांनासुद्धा शिकवलं मी."

मीटरवाल्यांनी मान डोलावली.

"किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"अगं, काहीच नाही! वीस मिनिटं. निवांत केलं तर पंचवीस." साहेबांनी झारी खाली ठेवली आणि हात झटकले. "तू उगाच एवढी वर्षं बाऊ करून ठेवला होतास. एवढंसं काम होतं, तर आधी सांगायचं नाही का?"

रोपवालीनं झारी उचलून दाराशी तिच्या जागी ठेवली. आयुष्यभर तिनं या माणसाला मनातल्या मनात हसून सोडून दिलं होतं. ते स्वस्त पडतं असं तिला वाटायचं. ते किती महाग पडलं, हे तिला आत्ता या दारात उभं राहून कळत होतं.

"मी उद्या सकाळच्या बसनं परत चाललेय ताईकडे," ती म्हणाली. "राहायला. किती दिवस ते ठरवलेलं नाही."

"आता कशाला?" साहेबांना खरंच कळेना. "तिला तर बोलता येत नाही."

"मला येतं," ती म्हणाली.

मीटरवाले कप ठेवून उठायला लागले.

"बसा तुम्ही," ती त्यांना म्हणाली. "तुम्हीसुद्धा ऐका." आणि तिनं काचघराचं दार आतून लावून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली.